फुकट राबणारांचा अग्निबाण

मुलांनीं अग्निबाण करण्याची गोष्ट काढतांच घरची वडीलमंडळी धास्तावते. ती धास्ती आम्ही अनाठायीं म्हणणार नाहीं. परंतु जिज्ञासा व सावधपणा यांचें वैरही आम्ही मानीत नाहीं. मॉस्कोंतील ‘गिर्द’ मंडळाचे हौशी सभासद एका तळघरांत खपत आणि स्वतःस विनोदानें ‘फुकट राबणारे इंजिनियर’ म्हणवीत. टिखोन्रावोव्ह यांनीं योजिलेला त्यांचा संकरित अग्निबाण १७ ऑगस्ट १९३३ रोजीं सुमारें ४०० मीटर उंच गेला. त्यांत गोठविल्यासारखें घट्ट केलेलें पेट्रोल एकीकडे व द्रवरूप प्राणवायु दुसरीकडे होता. अशा बाणांत प्राणवायूचा पुरवठा तोडला कीं ज्वाळा विझते. मुलांच्या जिज्ञासेसही अशी तोटी हवी. ती वडिलांच्या हातीं असावी, मात्र कायमची बंद नसावी.