नाकाजवळची गळती

रोज पोहणाऱ्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरते ते बहुधा एकाच जागेने: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून, नाकाच्या उताराला लागून. भुवईखाली आणि गालावर गॉगलच्या कडेला हाडाचा आधार मिळतो. नाकाजवळ खोलगट जागा असते आणि तोंडाने श्वास घेताना तिथली त्वचा हलते. गॉगल निवडायचा म्हणजे मुख्यतः हा कोपरा सांभाळायचा. 1926 साली इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली स्त्री, गर्ट्रूड एडर्ली, हिने गॉगलच्या कडा वितळलेल्या मेणाने बुजवल्या होत्या. पुढे कडांसाठी सिलिकॉन आले, पण कोपरा तसाच अवघड राहिला.

पाणी शिरले की पट्टा आवळला जातो, आणि गळती अनेकदा वाढते. जास्त ताणाने कड दुमडते, काचा कानांकडे ओढल्या जातात, नाकाजवळ फट पडते. शिवाय भुवईवरची नस दबून डोके दुखू लागते. पट्ट्याने गॉगल फक्त जागेवर ठेवायचा असतो. पाणी अडवते ती कड. म्हणून दुकानात पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबून हात काढावा. काही क्षण तो आपोआप चिकटून राहिला तर साचा चेहऱ्याला जुळला. लगेच गळून पडला तर तो घेऊ नये.

दोन काचांना जोडणारा नोज ब्रिज इथे निर्णायक ठरतो. तो आखूड असला की आतली कड नाकावर चढते. लांब असला की ती नाकापासून सुटते. सुट्या, वेगवेगळ्या लांबीच्या ब्रिजचा गॉगल म्हणूनच श्रेष्ठ. 1970च्या दशकात रूढ झालेल्या स्वीडिश गॉगलला मऊ कडही नसते, पण त्याचा ब्रिज दोऱ्याचा असतो आणि पोहणारा आपल्या नाकाप्रमाणे स्वतः गाठ मारतो. आज एकसंध साच्यातले, आरशासारख्या काचांचे गॉगल रंग पाहून विकले जातात आणि नाकाचा विचार कोणी करत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

वयाबरोबर डोळ्यांभोवतीची त्वचा सैल पडते आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला गॉगल गळू लागतो. स्पर्धेचा छोटा गॉगल सोडणे जुन्या पोहणाऱ्याला जड जाते, कारण वेगवान दिसण्याचा अभिमान त्यात गुंतलेला असतो. तरी डोळ्याच्या खोबणीच्या हाडावर टेकणारी रुंद, मऊ कड लांब पल्ल्याच्या सरावाला अधिक सुखाची. खोबणीच्या आत बसणाऱ्या छोट्या गॉगलने डोळ्यातला दाब वाढल्याचे मोजले गेले आहे; काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच गॉगल निवडावा.

काचेचा प्रश्न त्यामानाने सोपा. उघड्या तलावात उन्हासाठी गडद, बंदिस्त तलावात पारदर्शक. चष्मा असणाऱ्यांसाठी अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यांनी तयार काचा मिळतात.

धुके धरू नये म्हणून काचेला आतून लेप असतो. तिथे बोट किंवा टॉवेल फिरवू नये. पोहून झाल्यावर गॉगल साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. पोहण्याआधी भुवयांवर तेल किंवा सनस्क्रीन लावू नये, कारण कड घसरते. दाबलेली कड पूर्ववत होईनाशी झाली की गॉगल बदलावा.