नाना पुढे, मी मागे

गोवा 1961च्या डिसेंबरात मुक्त झाला, आणि पुढच्याच वर्षी आमच्या नानांनी पुण्याहून सायकलने गोव्याला जायचा बेत केला. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. आजोबांनी तो बेत एका वाक्यात निकालात काढला, "आधी इंटर पास हो, मग गोवा बघ." नाना पास झाले, नोकरीला लागले, निवृत्तही झाले. सायकलचा गोवा मात्र राहूनच गेला. त्यामुळे 2018च्या डिसेंबरात मी अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने तेरेखोलपर्यंत सायकलने जाणार म्हटल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांच्या नानांनी चहाचा कप खाली ठेवला. "सामान कोण नेणार? मोटार मी आणतो."

आईने कपाळाला हात लावला आणि दाण्याचे लाडू करायला घेतले.

ठरले असे, की नानांनी दहा किलोमीटर पुढे जाऊन थांबायचे आणि मी मागून पोचायचे. प्रत्येक थांब्यावर रस्त्याकडेला घडीची खुर्ची मांडून, हातात घड्याळ घेऊन नाना बसलेले असत. "सात मिनिटे उशीर!" हे स्वागत आणि मग पाणी.

नकाशावर ही वाट सोपी दिसते. पण सह्याद्रीतून येणारी नदी समुद्राला मिळताना खाडी करते आणि वाट अडवते. जांभ्याच्या सड्यावरून खाडीपर्यंत उतरायचे, पलीकडे जायचे आणि पुन्हा तेवढेच चढायचे! आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार ठिकाणी सायकल आणि मोटार दोन्ही फेरीबोटीत चढली. एरवी नाना पुढे आणि मी मागे. बोटीवर मात्र आम्ही शेजारी उभे असू. दिवेआगर, श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्यांतून गेलो, त्या गारव्याची आठवण अजून आहे. 2020च्या निसर्ग वादळात त्या वाड्यांतली किती झाडे आडवी झाली!

पाचव्या दिवशी वेळणेश्वर सोडून मी हेदवीला पोचलो, तर देवळापाशी ना मोटार, ना खुर्ची. फोनला रेंज नाही. अर्धा तास वाट पाहिली आणि नुकताच उतरलेला चढ पुन्हा चढू लागलो. आयुष्यात इतक्या जोरात मी कधी सायकल मारली नसेल. एका दुकानदाराने सांगितले, "पांढरी गाडी? ती मघाशीच खाली वाडीकडे गेली."

नाना वाट चुकले होते. मोटारीचे चाक पंक्चर होते, जॅक लावलेला होता आणि नाना पाना धरून जमिनीवर बसले होते. नट हलत नव्हते. तळहात सोलवटले होते.

"नाना, कुणाला हाक तरी मारायची!"

"मी तुझ्या मदतीला आलोय," ते म्हणाले, "लोकांची मदत घ्यायला नाही."

मी स्टेपनी बसवली. नाना एकेक नट माझ्या हातात देत होते. लहानपणी माझी सायकल ते दुरुस्त करीत, तेव्हा मी त्यांना देत असे तसेच. दोघेही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "नाना, पाय भरून आलेत. आता पाच-पाच किलोमीटरवर थांबाल का?"

नानांनी माझ्या पायांकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. "थांबतो," ते म्हणाले. "दमला असशील." माझे पाय ठणठणीत होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी पुढे देवगड, मालवण, वेंगुर्ले असे सगळे थांबत थांबत झाले आणि एकदाही "उशीर" हा शब्द निघाला नाही.

नवव्या दिवशी रेडी मागे टाकून तेरेखोलला आलो. इथला किल्ला नदीच्या उत्तरेला, महाराष्ट्राला चिकटून. पण आहे गोव्याचा. पलीकडे केरीचा किनारा. फेरीबोट धक्क्याला लागत होती. मी सायकल लोटू लागलो, तेवढ्यात नानांनी मोटारीची किल्ली माझ्यापुढे धरली.

"मोटार तू आण. सायकल मी आणतो."

हँडल दोन्ही हातांनी धरून ते सावकाश बोटीवर चढले. मी मागून मोटार आणली. नाना पुढे, मी मागे.