बडनेरा ते अकोला : गाडीच्या पोटातील टाकी

अमरावतीहून अकोल्यास जाणे ह्याला वऱ्हाडातील मनुष्य प्रवास म्हणत नाही. सकाळी मुंजीस जाऊन रात्री अंथरुणास पाठ टेकण्यासाठी घरी परतावे, एवढेच ते अंतर. मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळवरून वऱ्हाड ओलांडून इ. स. १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला तो कापसाच्या ओढीने. त्या वेळी अमरावती शहर मुख्य मार्गापासून बाजूस राहिले आणि बडनेऱ्याचे महत्त्व वाढले. बडनेऱ्यास गाडी धरली म्हणजे कुरुम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव अशी ओळखीची नावे मागे टाकीत सुमारे ८० किलोमीटरांवर अकोला येते. दोहो बाजूंस काळी जमीन, तिजवर कपाशी व तूर, मधूनमधून बाभळी. वर्णन करावे असे ह्या वाटेवर थोडेच आहे, आणि जे आहे ते वाचकांनी खिडकीतून स्वतःच अनेक वेळा पाहिले असेल.

म्हणून खिडकीतून जे दिसत नाही त्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. प्रवासवर्णनांत ह्या विषयाचा उच्चार करू नये असा संकेत आहे; परंतु ज्या घरात आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत दहा माणसे एकदम प्रवासास निघतात, त्या घरास हा विषय टाळता येत नाही. गाडीतील शौचकूप आणि त्याच्या खाली डब्याच्या पोटाशी बसविलेली पोलादी टाकी, हा तो विषय होय.

ही टाकी अलीकडची. माझ्या पिढीने आयुष्याचा बहुतेक भाग जो प्रवास केला, त्यात शौचकुपाच्या तळाशी एक नळी असे आणि तिच्यातून पळती खडी दिसे. लहान मुले त्या भोकास भीत. दारावर पाटी असे की, गाडी स्थानकात उभी असताना ह्याचा उपयोग करू नये. म्हणजे गाव निर्मळ राहावे आणि रान मात्र मळावे! मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात मलमूत्रविसर्जन कोठे करू नये ह्याची यादी आहे. वाटेवर नको, नांगरलेल्या जमिनीत नको, पाण्यात नको, नदीकाठी नको. आणि चालता चालताही नको. काटेपूर्णेच्या पुलावरून धावणाऱ्या त्या जुन्या गाडीने हे सगळे निषेध एका दमात मोडले, असे मी वर्गात मुलांना सांगत असे आणि मुले हसत.

पुढे एक सुधारणा निघाली. नळीस झडप बसवावयाची आणि गाडीने ठराविक वेग घेतल्यावरच ती उघडावयाची, म्हणजे मळ शहरापासून दूर जाऊन पडेल. हीस सुधारणा म्हणावे की चातुर्य, हे वाचकांनीच ठरवावे. अकोल्याचा फलाट वाचला. बोरगावच्या शिवारात रुळांची तपासणी करीत पायी फिरणाऱ्या गँगमनच्या वाट्यास मात्र तेच आले.

असे असले तरी त्या भोकासाठीसुद्धा लोकांना भांडावे लागले होते, हे विसरू नये. ओखिलचंद्र सेन नावाच्या एका बंगाली गृहस्थांनी १९०९ साली साहिबगंजच्या रेल्वे अधिकाऱ्यांस लिहिलेले पत्र दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयामुळे प्रसिद्ध झाले आहे. फणस अधिक खाल्ल्यामुळे गृहस्थ वाटेतील स्थानकात उतरून आडोशास गेले, तेवढ्यात गार्डाने शिट्टी दिली, आणि एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना ते सर्वांदेखत पडले. इंग्रजी मोडके, पण संताप सच्चा. खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचकूप आले ते ह्या पत्रामुळे, असे सांगितले जाते. १९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर जे लिहिले, त्यात डब्यातील घाणीची तक्रार आहे, आणि त्यांनी दोष केवळ कंपन्यांना न देता प्रवाशांच्या सवयींनाही दिला आहे. तो दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो.

मूर्तिजापूर आले की मला नेहमी एका पुरुषाची आठवण होते. येथून जवळच दापुरे हे गाव. शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर हा मुलगा दापुऱ्यास मामाच्या घरी गुरे राखून वाढला आणि पुढे गाडगे महाराज झाला. हातात खराटा, डोक्यावर गाडग्याचे खापर. दिवसा ज्या गावाची गटारे झाडावयाची, त्याच गावात रात्री कीर्तन करावयाचे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीपाशी त्यांचा देह पडला. त्यांच्या जन्मभूमीतून, कर्मभूमीतून व समाधीच्या गावाजवळून ही गाडी जाते, आणि तीच शतकभर वाटभर घाण सांडीत गेली. आमच्यासारख्यांनी महाराजांच्या तसबिरीस हार घातला. खराट्यास हात लावला नाही. आमच्या जुन्या घराच्या मागील बोळात टोपलीचे संडास होते. टोपली कोण नेतो, कोठे नेतो, पावसाळ्यात ती डोक्यावर गळते काय, हे त्या मोठ्या घरात कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. त्या माणसाची येण्याची वेळ तेवढी सर्वांना पाठ होती. कारण त्या वेळी मुलांना परसात जाऊ देत नसत.

आता टाकीकडे वळतो. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली रेल्वेच्या सुरक्षिततेविषयी अहवाल दिला, त्यात ही उघडी नळी बंद करण्याची शिफारस होती. कारण केवळ स्वच्छतेचे नव्हते. मळाने रूळ व त्यांचे जोड गंजतात, आणि अशा घाणीत उभे राहून डब्याखालची तपासणी नीट होऊ शकत नाही. सियाचीनसारख्या अतिशीत प्रदेशातील सैनिकांच्या सोयीसाठी संरक्षण संशोधन संस्थेने जी युक्ती काढली होती, तीच रेल्वेने घेतली. आज प्रवासी डब्यांखाली अशा अडीच लाखांहून अधिक टाक्या आहेत.

युक्ती साधी आहे. भांड्याखाली एक वाकडी नळी असते. तिच्या वाकात थोडे पाणी नेहमी अडून राहते व दुर्गंधीस वर येऊ देत नाही. तिच्या खाली टाकी. टाकीत आडवे पडदे घालून कप्पे केलेले असतात, त्यामुळे मळास एकदम बाहेर पडता येत नाही; एका कप्प्यातून दुसऱ्यात असा तो रेंगाळत जातो. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू त्यात सोडलेले असतात. ते मळ खातात, त्याचे पाणी व वायू होतात, आणि शेवटच्या कप्प्यात क्लोरीनचा संस्कार होऊन पाणी रुळांवर टपकते. आपण घरी दह्याला विरजण लावतो त्याचाच हा प्रकार. आणि विरजणाप्रमाणेच ह्याचेही नखरे आहेत. जहाल आम्ल किंवा जंतुनाशक ओतले की जंतू मरतात. जंतू मेले की ती केवळ एक भरलेली टाकी उरते. बाहेर पडणारे पाणी खरोखर पुरेसे शुद्ध असते काय, ह्याविषयी मद्रासच्या आयआयटीतील अभ्यासकांनी प्रतिकूल मत दिले होते आणि रेल्वेला ते मान्य नव्हते. त्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार संस्कृतच्या मास्तरास नाही.

परंतु दुसऱ्या एका गोष्टीस शास्त्र लागत नाही. महालेखापरीक्षकांनी २०१७ साली जो अहवाल दिला, त्यात २०१६-१७ ह्या एका वर्षी तपासलेल्या सुमारे २५,००० जैव शौचालयांत नळी तुंबण्याचेच प्रकार एक लाखाहून अधिक नोंदले आहेत. म्हणजे सरासरीने प्रत्येक शौचकूप वर्षातून चार वेळा तुंबले. कशाने? पाण्याच्या बाटल्या, चहाचे पेले, गुटख्याच्या पुड्या, चिंध्या, मुलांचे डायपर. जुन्या भोकातून हे सारे सरळ खडीवर जात होते व कोणास कळत नव्हते. वाकडी नळी मात्र ते गिळत नाही.

तुंबलेली टाकी मोकळी करणे किती अवघड आहे हे मला एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले. तो एका ठेकेदाराकडे डबे धुण्याच्या कामावर होता. डब्याचे तळ आणि रूळ ह्यांमध्ये जागा ती किती! टाकी चाकांच्या मधल्या अंगास टांगलेली. तिचे तोंड खाली व आत. गाडी खड्ड्याच्या मार्गावर आणली तर माणूस निदान उभा राहू शकतो. नाहीतर कुशीवर सरकत जावे लागते. आधी वरून तारेचा आकडा घालून पाहावयाचे. निघाले तर ठीक. न निघाल्यास खालून नळीचा जोड सैल करावयाचा, आणि तो सैल होताच वर अडलेले सगळे एकदम खाली येते. बाजूस सरावे तर एका बाजूस चाक, दुसऱ्या बाजूस दांडा. यंत्राने शोषून घेण्याची सोय काही ठिकाणी असते, पण बाटली शोषली जात नाही. ती हातानेच ओढावी लागते. तो हे सांगत असता हसत होता. मी विचारले, “प्रवाशांना काही सांगावयाचे असेल तर काय सांगशील?” तो म्हणाला, “काय सांगाव, गुर्जी? वरून टाकनाऱ्याले काय मालूम, खाली हात कोनाचा जाते थे!”

हाताने मैला उचलण्यास माणूस लावणे २०१३ च्या कायद्याने बंद झाले आहे, आणि संरक्षक साधनांचे नियमही आहेत. परंतु कायद्याचे कलम टाकीपर्यंत पोहोचण्याआधी नळीत बाटली पोहोचलेली असते.

आमचा एक भाचा अमेरिकेत असतो. तेथे मोटारीमागे जोडावयाचे चाकांवरचे घर घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे सुट्टीत हिंडतात. मागे तो येथे आला असता ह्याच विषयावर त्याच्याशी बरेच बोलणे झाले. घरातील बायका उठून गेल्या, तो भाग निराळा. त्या घराखाली दोन टाक्या असतात, एक मळाची व एक मोरीच्या पाण्याची. ठरलेल्या जागी गाडी उभी करून जाड नळी जोडावयाची, आधी मळाची टाकी सोडावयाची आणि मागाहून मोरीच्या पाण्याची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. मळाच्या टाकीची झडप नेहमी उघडी ठेवली तर पाणी तेवढे वाहून जाते आणि घट्ट भाग तळाशी ढीग होऊन बसतो. म्हणून टाकी बरीच भरल्याखेरीज झडप उघडावयाची नाही. टाकीचे तोंड सखल आणि जमिनीवरील नाल्याचे तोंड उंच असले की फजिती होते, कारण पाणी चढ चढत नाही. मग गाडी कलती करा, नळी उचलून धरा, पंप लावा. हे सगळे ऐकून माझ्या धाकट्या बंधूंनी विचारले, “ह्या कामाला तिकडे माणूस काय घेतो?” भाचा म्हणाला, “मामा, माणूस कुठला? हातमोजे घालून मीच करतो. ज्याची गाडी, त्याची टाकी.” बंधू काही वेळ बोलले नाहीत. त्यांच्या शेजारी ताटे मांडली जात होती, हेही कारण असेल.

आपल्या राज्यानेही २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. उद्या चिखलदऱ्याच्या घाटात अशा गाड्या दिसू लागतील. त्यांच्या टाक्या कोण आणि कोठे रिकाम्या करील, हा प्रश्न मी आतापासूनच विचारून ठेवतो. मेळघाटातील ओढे फार लहान आहेत.

वंदे भारतसारख्या नव्या गाड्यांत हवेच्या जोराने मळ ओढून घेणारी शौचालये बसविली आहेत व त्यांस पाणी फारच थोडे लागते. यंत्र सुधारते आहे हे खरेच. पण त्याचीही नळी अरुंदच आहे.

घरच्या मंडळींसाठी सांगावयाचे तर गोष्टी थोड्याच. निघताना एक रिकामी कापडी पिशवी व जुनी वर्तमानपत्रे बरोबर घ्यावीत. तान्ह्या मुलाचे डायपर, स्त्रियांचे कापड, औषधाच्या पुड्या, पुसलेले कागद, जे पोटातून आले नाही ते काहीही त्या भांड्यात जाऊ नये. वृद्धांची सोवळ्याची भावना आड येते, हे मला ठाऊक आहे. वापरलेली वस्तू पिशवीत घालून, डब्यांच्या शेजारी ठेवून न्यावयाची म्हणजे काय, असा प्रश्न आमच्याही घरी निघाला. त्यावर तोड अशी काढली की ती पिशवी दाराजवळच्या आकड्याला टांगावयाची आणि तिचा भार घरातील एका कर्त्या पुरुषाने वाहावयाचा. गेल्या फेरीत तो मान माझा होता.

त्या दिवशी अकोल्यास उतरलो तेव्हा पिशवीत नातवाच्या दोन पुड्या होत्या. जठारपेठेत बंधूंच्या दारी पोहोचताच त्यांची सौभाग्यवती पुढे आली, नमस्कार केला आणि नेहमीच्या सवयीने माझ्या हातातील पिशवी घ्यावयास वाकली. सुनेने घाईने म्हटले, “काकू, ती नको, ती नको!” मग सारा उलगडा झाला. त्यांनी पदर नाकाशी नेला, पण हसल्या, आणि अंगणाच्या कोपऱ्यातील झाकणाची बादली दाखविली. घंटागाडी सकाळी साडेसातला येते, असे त्यांनी सांगितले.