दुखतं तिथं जागा, बाकी पकड

स्की बूट पायाबरोबर वाकत नाही. चालण्याचा बूट दर पावलाला चवड्यापाशी दुमडतो. स्कीचा बूट मात्र बोटांच्या टोकापासून नडगीच्या मध्यापर्यंत कडक प्लास्टिकचा असतो आणि तो तसाच असावा लागतो. उतारावर वळायचं म्हणजे स्कीची पोलादी कड बर्फात रुतवायची, आणि ती रुतते नडगीच्या कलण्यानं. नडगीचा तो कल वाटेत कुठंही वाया न जाता थेट कडेपर्यंत पोचवणं हे बुटाचं काम. बुटात पाय हलला की आधी पाय वळतो, मग बूट वळतो आणि स्की वळायची तेव्हा वळते. तेवढ्या वेळात झाड जवळ आलेलं असतं.

मी कॅनडात व्हिसलरला बूट बसवून देण्याचं काम करते. खाली गावात पाऊस आणि वर डोंगरावर बर्फ, असे इथले हिवाळ्यातले पुष्कळ दिवस. दुपारी दुकानात येणाऱ्या माणसाला काय झालंय हे विचारावं लागत नाही. सगळी बकलं उघडी, चाल बदकासारखी आणि पहिलं वाक्य ठरलेलं : ‘यापेक्षा मोठा बूट द्या.’ या एका वाक्याशी माझं रोजचं भांडण आहे. आरामाचा बूट म्हणजे मोठा बूट नव्हे, मऊ बूटही नव्हे. पायाच्या ज्या जागा दाब सोसतात तिथं घट्ट धरणारा आणि ज्या सोसत नाहीत तिथं नेमकी मोकळीक देणारा, तो आरामाचा बूट.

हे मी बर्फात शिकले नाही. मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत कृत्रिम पाय आणि कॅलिपर बनवायला शिकत असताना शिकले. गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाचा उरलेला पाय ज्या साच्यात बसतो तो सॉकेट सगळीकडून सारखा सैल ठेवला, तर माणूस दहा पावलंही चालू शकत नाही. म्हणून गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड बंधावर मुद्दाम भार घ्यायचा, पोटरीकडून आधार द्यायचा आणि बाहेरच्या बाजूला हाडाचं जे डोकं असतं तिथं, नडगीच्या धारेवर आणि कापल्या टोकाला जागा सोडायची. शरीर सगळीकडे सारखं सोसत नाही, हा त्या शिक्षणाचा गाभा.

पावलाचंही तसंच आहे. टाचेच्या दोन्ही बाजू, घोट्यामागचे खळगे, नडगीचा पुढचा भाग बुटाच्या रुंद जिभेखाली सारखा दाबला गेला तर तोही, या सोसणाऱ्या जागा. न सोसणाऱ्या जागा म्हणजे घोट्याची दोन्ही हाडं, आतल्या बाजूला कमानीच्या वर येणारं नॅव्हिक्युलर, बाहेरच्या कडेला मध्यावर जाणवणारा करंगळीच्या लांब हाडाचा उंचवटा, अंगठ्याच्या बुडाशी वाढलेलं हाड आणि टाचेमागचं टेंगूळ. शिवाय पावलाचा वरचा भाग. तिथं शीर आणि मज्जातंतू कातडीच्या अगदी खालून जातात. तिथलं बकल जास्त आवळलं की बोटं आधी बधिर होतात, मग गार पडतात आणि माणूस म्हणतो, मोजे जाड हवेत.

पहिलं माप लांबीचं. स्की बुटाचा नंबर म्हणजे मोंडोपॉइंट, पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. 265 मिलिमीटरचं पाऊल म्हणजे साडेसव्वीस. यातली खाचाखोच अशी, की सव्वीस आणि साडेसव्वीस यांचं बाहेरचं कवच बहुधा एकच असतं. फरक आतल्या भागांत असतो. म्हणून मी बूट घालून बघायला सांगायच्या आधी लायनर, म्हणजे आतला गादीचा बूट, बाहेर काढते. मोकळ्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे अलगद टेकवायची आणि टाचेमागे किती अंतर उरतं ते बघायचं. दीड-दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटं, हे हौशी माणसासाठी ठीक. शर्यतीचे लोक एका सेंटिमीटरच्याही खाली जातात. तीन बोटं सहज गेली, तर लायनर कितीही मऊ असो, तो बूट त्या पायाचा नाही.

व्हँकूवरजवळच्या सरेहून एकदा एक मराठी कुटुंब आलं होतं. त्यातले काका साताऱ्याकडचे, पन्नाशीपुढचे. म्हणाले, ‘ताई, माझा पंजा रुंद आहे हो. शाळा संपेपर्यंत अनवाणीच हिंडलोय. मला कुठलाच बूट होत नाही.’ पंजा खरोखर रुंद होता. त्यांनी सांगितलेलं कारणही पटण्यासारखं होतं. दक्षिण भारतात जन्मभर अनवाणी चालणाऱ्यांची पावलं बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजली होती. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, बूट-चपला वापरणाऱ्यांपेक्षा त्यांचे चवडे रुंद आढळले. पण काकांच्या पावलाची लांबी सव्वीसची आणि पायात बूट अठ्ठावीसचा. रुंदी मिळावी म्हणून त्यांनी लांबी घेतली होती. लांब बुटात घोट्याची खोबण घोट्याच्या जागी येत नाही, टाच उचलली जाते, पाय पुढे घसरून नखं आपटतात. टाच खाली राहावी म्हणून माणूस पावलावरचं बकल आवळतो, बोटं बधिर होतात, बूट घट्ट आहे असं वाटतं आणि पुढच्या वेळी तो आणखी मोठा बूट घेतो. काळी पडलेली नखं मला जितकी मोठ्या बुटात दिसतात तितकी लहान बुटात दिसत नाहीत.

मी त्यांना सव्वीसचंच पण रुंद साच्याचं कवच दिलं. चवड्यापाशी अरुंद बूट 97-98 मिलिमीटरचे असतात, मध्यम 100 चे आणि रुंद 102 च्या पुढचे. पाय घातल्याघातल्या काका म्हणाले, ‘अहो, बोटं टेकतायत!’ मी म्हटलं, ‘काका, टाच मागे आपटा, बकलं लावा, आता गुडघे पुढे वाकवा.’ गुडघे वाकले की टाच मागे खोबणीत बसते आणि बोटं पुढून सुटतात. ताठ उभं राहून स्की बुटाची परीक्षा होत नाही, कारण त्या अवस्थेत कोणी स्की करत नाही.

दुसरं काम तळव्याचं. भार पडला की कमान थोडी खचते, पाऊल लांब आणि रुंद होतं, घोटा आत कलतो. सपाट पायाच्या माणसाचा आतला घोटा किंवा नॅव्हिक्युलर कवचाला घासतो आणि तो नेमकी ती जागा दाखवून सांगतो, इथं बूट फुगवा. तिथं आधी फुगवलं, तर पायाला आणखी आत कलायला वाव मिळतो आणि आठवड्याभरात तेच हाड नव्या भिंतीला टेकतं. म्हणून आधी तळव्याखाली त्याच्या मापाचा फूटबेड घालून कमान आणि टाच सावरायची. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. तीच गोष्ट आखडलेल्या घोट्याची. बूट पुढे कललेला असतो; ज्याच्या पोटऱ्या आखडल्या आहेत त्याचा घोटा तेवढा वाकत नाही, मग टाच वर येते आणि बोटं पुढे दाबली जातात. दुखतात बोटं, पण कारण पोटरीत असतं. टाचेखाली काही मिलिमीटरची पट्टी आणि कवचाचा कल थोडा कमी, एवढ्यानं बोटं मोकळी होतात. बोटांपाशी हातसुद्धा लावावा लागत नाही.

लायनरची पाळी त्यानंतर. नवी कोल्हापुरी चावते, पण तेल पाजून चार दिवस घातली की चामडं पायाचं ऐकतं. जुने चामडी स्की बूटही असेच वापरून पायाजोगे होत आणि वापरूनच निकामी होत. 1960 च्या दशकात अमेरिकेत बॉब लँग यांनी प्लास्टिकचे बूट आणले, पुढे इटलीतल्या माँतेबेल्लूना या चांभारांच्या गावाभोवती त्यांचे कारखाने उभे राहिले आणि चामड्याचं युग संपलं. ताबा वाढला, पण प्लास्टिक पायाचं ऐकत नाही. आमचा व्यवसाय या अडचणीतून जन्मला. आता वापरानं बदलतं ते फक्त लायनर, आणि तेही एकाच दिशेनं : दबून सैल होतं, घट्ट कधीच होत नाही. म्हणून दुकानात जो नवा बूट घरातल्या सपातांइतका सुखाचा वाटतो, तो मोसम संपायच्या आत ढिला पडतो.

आजची बरीच लायनरं ईव्हीए फोमची असतात. आमच्या शेजारच्या व्हँकूवरमधल्या ‘इंट्युइशन’नं अशा लायनरांत नाव कमावलं. भट्टीत शंभर अंशांच्या पुढे दहाएक मिनिटं तापलं की लायनर फुलतं आणि मऊ पडतं. मला या कामातला सर्वात आवडता भाग त्याच्या आधीचा. पायाच्या न सोसणाऱ्या प्रत्येक जागेवर मी फोमचे छोटे तुकडे चिकटवते, बोटांवर टोपी चढवते, त्यावर पातळ मोजा. मग गरम लायनर, कवच, हलकी बकलं आणि दहा मिनिटं न हलता उभं राहणं. थंड झाल्यावर तुकडे काढले, की जिथं ते होते तिथं जागा राहते आणि बाकी ठिकाणी पकड. पाय फारच बारीक असेल, तर आत पातळ फोम ओतून फुगवण्याची पद्धत आहे, पण ती एकदाच साधते. स्वेन कूमर यांनी रूढ केलेल्या बुचाच्या मिश्रणाची लायनरं शरीराच्या उबेनं पुन्हा पुन्हा आकार घेतात. त्यांना सुरुवातीला धीर लागतो, पण टिकतात खूप.

इतकं करूनही एखादं हाड टोचत राहिलं, तरच मी कवचाला हात लावते. त्या हाडावर लिपस्टिकचा ठिपका द्यायचा, मोकळ्या कवचात पाय घालायचा. ठिपका कवचावर उमटतो तीच जागा. मग दोन वाटा : आतून घासून भिंत पातळ करायची किंवा तापवून, साच्यानं दाबून बाहेर फुगवायची. कवच पॉलियुरेथेनचं असेल तर ते सांगितलेलं ऐकतं. हलक्या टूरिंग बुटांचं ग्रिलामिड हे प्लास्टिक थंड होता होता मागे सरकतं, त्याला जरा जास्त दाबून, पूर्ण गार होईपर्यंत साच्यातच ठेवावं लागतं. घासलेलं प्लास्टिक परत आणता येत नाही, म्हणून थोडं करायचं, माणसाला डोंगरावर पाठवायचं आणि परत आल्यावर पुढचं बघायचं. इथं एक मिलिमीटरसुद्धा कमी नसतो. हाडाला सुखावण्यासाठी बहुतेक वेळा तेवढाच पुरतो.

या सगळ्या पद्धतीचा आधार वेदना आहे. पाय सांगतो, मी ऐकते. त्यामुळे मला काळजी वाटते ती ज्यांचा पाय सांगत नाही त्यांची. मधुमेहानं पायाची जाणीव बोथट होऊ शकते, आणि आपल्याकडे तर घरटी एक मधुमेही म्हणावं अशी स्थिती. एक काकू मला कौतुकानं म्हणाल्या, ‘मला बाई कुठलाच बूट चावत नाही.’ मी त्यांच्या डोळ्यांआड तळव्याला बोट लावलं तर त्यांना कळलं नाही. अशा पायात कडक बूट दिवसभर राहिला, तर जखम होऊनही संध्याकाळपर्यंत पत्ता लागत नाही आणि ती जखम भरायला महिने जातात. अशा वेळी मी बूट विकत नाही. आधी डॉक्टरांकडे पाठवते. चवड्यात विजेसारखी कळ येणाऱ्यांना आणि थंडीनं बोटं पांढरीफटक पडणाऱ्यांनाही माझा तोच सल्ला असतो.

मराठी मंडळी आता गुलमर्गला, औलीला स्की शिकायला जातात आणि भाड्याच्या बुटांतच शिकतात. तिथं बूट बसवून देणारं कोणी भेटेलच असं नाही, म्हणून एवढं स्वतः करा. घरून पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून न्या. लायनर काढून टाचेमागची दोन बोटं बघा. मोजा पातळ, एकच आणि कोरडा घाला; पँटचा किंवा थर्मलचा काठ बुटात जाऊ देऊ नका. टाच मागे आपटून आधी घोट्याजवळचं बकल लावा, बोटांवरचं सर्वात शेवटी आणि हलकं. दहा मिनिटं गुडघे वाकवून उभे राहा. बोटं बधिर झाली तर नंबर वाढवू नका, रुंद साच्याचा बूट मागा. रांगेतल्या लोकांचा खोळंबा होतोय म्हणून संकोचू नका. शिकताना पडणं चालेल. पण दुखऱ्या पायानं कोणी स्की शिकत नाही.