ओबेलिक्सच्या पाठीवरचा

उंची माणसापेक्षा थोडी जास्त, खाली फुगीर, वर निमुळता, रंग राखाडी. बोलणं शून्य. चेहरा नसल्यामुळे हावभावाचा प्रश्नच नाही. तरीही अ‍ॅस्टेरिक्सच्या फ्रेंच चित्रकथांतलं गाव डोळ्यांसमोर आणा, तो तिथे हमखास असतो. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या विजारीत एक अजस्र पोट डुलत चाललेलं आहे, मागून पांढरं टिचभर कुत्रं धावतंय, आणि पोटाच्या बरोबर विरुद्ध दिशेला, पाठीवर, हे महाशय निवांत बसलेले. मेनहिर. म्हणजे प्राचीन काळी जमिनीत उभा रोवलेला एकसंध दगड. या मालिकेत मात्र तो जमिनीपेक्षा ओबेलिक्सच्या पाठीवरच जास्त राहतो.

त्याचा जन्म १९५९ सालचा, पॅरिसलगतच्या बोबिनीतला. लेखक रने गोसिनी आणि चित्रकार आल्बेर उदेर्झो हे दोघे ‘पिलोत’ नावाच्या नव्या साप्ताहिकासाठी काहीतरी अस्सल फ्रेंच शोधत होते. शोधता शोधता दोघे रोमनपूर्व गॉल लोकांपाशी पोचले. गोसिनीला नायक एकच हवा होता, तोही बुटका आणि डोकेबाज. उदेर्झोचा हात धिप्पाड योद्ध्यांकडे ओढ घेई. त्या ओढीतून बुटक्याच्या शेजारी ओबेलिक्स आला. आता एवढ्या थोराड देहाला काहीतरी धंदा हवा. गोसिनीने त्याला मेनहिर घरपोच करणारा करून टाकलं.

या धंद्यातच खरी गंमत आहे. गावातल्या बाकी सगळ्यांचं काम आपल्याला कळतं. लोहार ठोकतो, कोळी शिळे मासे विकतो आणि त्यावरून रोज मारामारी होते, भाट गातो आणि मार खातो, वैद्य-पुरोहित गेटाफिक्स जादूचा काढा उकळतो. मेनहिरचं गिऱ्हाईक कोण? तो घेऊन घरी काय करायचं? त्यावर बसता येत नाही, त्याने दळता येत नाही, भिंतीत घालायला तो फार मोठा. ओबेलिक्स मेनहिर तासतो, उचलतो, पोचवतो, आणि हे सगळं इतक्या मन लावून करतो की विचारायला जीभ रेटत नाही. आपल्याकडच्या कित्येक फ्लॅटांत कोपऱ्यात पाटा-वरवंटा पडून असतो, मिक्सर आल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नसतो, पण काढून टाकण्याचा विषय निघाला की घरात सन्नाटा पसरतो. मेनहिरचं गावातलं स्थान साधारण तसंच.

चित्रकाराला मात्र त्याचा भरपूर उपयोग झाला. ओबेलिक्सच्या ताकदीबद्दल एक शब्दही लिहावा लागत नाही. तो मेनहिर पाठीवर घेऊन गप्पा मारत उभा असतो, एवढ्यावर वाचक समजतो. स्वभावाने हा दगड निरुपद्रवी आहे, हेही नोंदवायला हवं. झाड उपटलं की ते टिचभर कुत्रं, डॉगमॅटिक्स, हंबरडा फोडतं. दगड उपटला तर शेपटीही हलवत नाही ते. या दगडाच्या हातून घडलेला मोठा अपघात ‘बिग फाइट’ या पुस्तकात आहे. ओबेलिक्सने रोमनांवर फेकलेला मेनहिर नेमका गेटाफिक्सवर पडतो आणि जादूच्या काढ्याची कृती ज्या एका डोक्यात होती ते डोकं कोरं होतं. मग दुसऱ्या एका वैद्य-पुरोहिताचा सल्ला घेतला जातो. नक्की काय झालं होतं, असं तो विचारतो. ओबेलिक्स प्रात्यक्षिक करून दाखवतो. आता वेडे दोन.

इतिहासाचे अभ्यासक इथे बोट ठेवतात, आणि ते बरोबर आहेत. गॉल लोकांनी मेनहिर उभारलेच नाहीत. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या कार्नाकजवळ तीन हजारांहून जास्त दगड लांबच लांब रांगांत उभे आहेत, त्यांचा काळ साधारण इसवी सनपूर्व ४५०० ते ३३००. कथा घडते इसवी सनपूर्व ५० मध्ये. म्हणजे ओबेलिक्सच्या काळात हे दगड तीन-चार हजार वर्षं जुने होते आणि ते कुणी, कशासाठी उभे केले हे गॉलांनाही ठाऊक नसणार. जवळच लोकमारियाकेरला एक थोरला भाऊ आडवा पडला आहे: सुमारे २० मीटर लांब, वजन ३०० टनांच्या आसपास, चार तुकडे. तो पोचवताना ओबेलिक्सलाही एकदा थांबून घाम पुसावा लागला असता.

पण कार्नाकच्या लोकांकडे याहून छान हिशेब आहे. तिथली दंतकथा सांगते की संत कोर्नेलीच्या मागे रोमन सैन्य लागलं होतं. पळता पळता समुद्र आला, पुढे वाट नाही. संताने मागे वळून पाहिलं आणि अख्खं सैन्य रांगेतल्या रांगेत दगड झालं. म्हणजे स्थानिक समजुतीप्रमाणे प्रत्येक मेनहिर हा एक गोठलेला रोमन शिपाई. गोसिनीने ती कथा ऐकली असो वा नसो, ओबेलिक्स रोमनांवर रोमनच फेकत होता.

खऱ्या रोमनांनी या किनाऱ्यावर काय केलं, ते मात्र हसण्यासारखं नाही. कार्नाकच्या परिसरात वेनेती नावाची दर्यावर्दी जमात राहत होती. इसवी सनपूर्व ५६ मध्ये सीझरने समुद्रात त्यांचं आरमार मोडलं, त्यांच्या राज्यसभेतल्या सगळ्या सभासदांना ठार मारलं आणि उरलेल्यांना गुलाम म्हणून विकलं. हे सीझरने स्वतःच लिहून ठेवलं आहे. सहाच वर्षांनी त्याच प्रांतात एक गाव अजिंक्य उभं आहे, असं गोसिनी-उदेर्झोंनी ठरवलं.

मेनहिरच्या आयुष्यातलं भाग्याचं आणि अपमानाचं वर्ष १९७६. ‘ओबेलिक्स अँड को.’ या तेविसाव्या पुस्तकात तो अखेर मध्यवर्ती भूमिकेत आला. गोसिनीच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं मालिकेतलं हे शेवटचं पुस्तक. पुढच्याच वर्षी तो गेला. माझ्या मते त्याचं सर्वांत कडू आणि सर्वांत विनोदी लेखन हेच. मारून हे गॉल वठणीवर येत नाहीत म्हटल्यावर रोममधला एक तरुण हुशार अधिकारी, कायस प्रेपोस्टरस, सीझरला सुचवतो: यांना श्रीमंत करा. पैसा आला की लढायला वेळ उरणार नाही. या प्रेपोस्टरसचा चेहरा थेट जाक शिराकचा, आणि शिराकने त्याच वर्षी पंतप्रधानपद सोडलं होतं. फ्रेंच वाचकाला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

प्रेपोस्टरस ओबेलिक्सला भेटतो आणि लहान मुलाशी बोलावं तसं तुटक बोलून त्याचा मेनहिर विकत घेतो. मग दुसरा, मग जास्त भावाने तिसरा. मागणी वाढते म्हणून ओबेलिक्स माणसं ठेवतो. मेनहिर तासायला माणसं, आणि ती माणसं जेवली पाहिजेत म्हणून रानडुकरं मारायलाही माणसं. स्वतः भरजरी कपडे घालून मिरवतो. ज्याला डुकराच्या शिकारीहून मोठं सुख माहीत नव्हतं, तो आता शिकारीला जायला वेळ नाही म्हणतो. त्याचं वैभव पाहून गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोचू लागतात आणि घरोघरी छिन्नी-हातोडा सुरू होतो. सगळ्यांचा माल रोमन विकत घेतात. छावणीत पाय ठेवायला जागा नाही, जिकडे बघावं तिकडे हा मुका पाहुणा.

मग तो माल रोममध्ये खपवायचा कसा? प्रेपोस्टरस सीझरला तक्ते दाखवून समजावतो. लोक वस्तू घेतात त्या उपयोगाच्या म्हणून, सोयीच्या म्हणून किंवा आनंद देतात म्हणून. मेनहिर यांतल्या कशातच बसत नाही. पण शेजाऱ्याचा जळफळाट व्हावा म्हणूनही लोक खरेदी करतात. बस, जाहिरात तिथूनच सुरू होते आणि रोममधल्या प्रतिष्ठितांच्या घरी मेनहिर पोचतो. पाठोपाठ रोमन मेनहिर निघतो, मग इतर देशांचेही. रोमन माल थांबवायचं ठरतं तेव्हा तो घडवणारे गुलाम रस्ते अडवून बसतात: आम्हाला काम हवं. हे वाचून हसू येतं. मग लक्षात येतं की आपण वर्तमानपत्रात असलं काहीतरी परवाच वाचलं होतं. शेवटी सीझरचा खजिना रिकामा होतो, सेस्टर्स या रोमन नाण्याची किंमत कोसळते, गॉलांनी कमावलेले पैसे मातीमोल होतात आणि सवयीप्रमाणे ते जाऊन रोमन छावणी फोडतात. ओबेलिक्सच्या अंगावर पुन्हा ती पट्ट्यांची विजार येते.

दगडाची मात्र या सगळ्यात काही चूक नव्हती. तो आधी बिनकामाचा होता, नंतरही बिनकामाचाच राहिला. मधल्या पानांत त्याच्यावर भाव चिकटवला गेला इतकंच.

त्याच्या खऱ्या भावंडांचं बरं चाललं आहे असं म्हणावं लागेल. २०२५ मध्ये युनेस्कोने कार्नाक आणि आसपासच्या किनाऱ्यावरच्या शिळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्याआधी दोन वर्षं, २०२३ मध्ये, तिथे हार्डवेअर विकणाऱ्या एका दुकानाच्या बांधकामात ३९ लहान उभे दगड उखडले गेले, अशी बातमी फ्रान्सभर गाजली. ते खरोखर प्राचीन होते का, यावरही मग वाद झाला. बांधकामाचा परवाना रीतसर होता, असं महापौरांचं म्हणणं. हे वाक्य प्रेपोस्टरसच्या तोंडी अगदी शोभलं असतं. गोसिनीने त्याला शेजारी एक तक्ताही दिला असता.