रविवारची उजळणी

दुपारी पुन्हा ‘सामना’ लावला. घरचे म्हणाले, परत? हो, परत. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील नुसता बसलेला असला, तरी मला पुरतो. आवाज चढवायचा नाही, डोळे वटारायचे नाहीत. नुसत्या तिरक्या नजरेने समोरच्याची किंमत करायची. तेंडुलकरांनी लिहिलेले संवाद त्यांच्या तोंडी गेले की गोड लागतात आणि मग भीती वाटते. लागूंचे मास्तर मोठेच, पण माझे मत फुल्यांना.

याच माणसाला जब्बार पटेलांनी ‘सिंहासन’मध्ये (१९७९) दिगू टिपणीस नावाचा पत्रकार केले. खांद्याला पिशवी, सगळे दिसतेय आणि हातात काहीच नाही. त्या काळी पडद्यावरचा खलनायक म्हणून बायाबापड्या ज्याला शिव्या घालत, त्याला ही भूमिका द्यायला छाती लागते.

‘पिंजरा’बद्दल मात्र माझे घरात कुणाशी पटत नाही. राम कदमांची गाणी कितीही ऐकेन. पण गुरुजींची घसरण शांतारामबापू फारच ठसवून सांगतात. प्रेक्षकाला कळते हो!

आणि दूरदर्शनवरचा ‘चिमणराव’. प्रभावळकरांचा तो भित्रा, घाईघाईचा आवाज आणि शेजारी बाळ कर्व्यांचा धिप्पाड गुंड्याभाऊ. मागून हशा वाजवायची गरजच नव्हती. हल्लीच्या मालिकांत एका वाक्यावर तिघांचे चेहरे तीनतीनदा दाखवतात, तोवर मी चहा टाकून येतो.

पुढच्या रविवारी ‘बनवाबनवी’. त्यावर वाद नको.