दोन लिटरची फेरारी

आमच्या विंगमध्ये फेरारीचे भक्त बरेच. कुणाच्या भिंतीवर एफ-४०, कुणाच्या लॅपटॉपवर एन्झो. माझ्या टेबलासमोर मात्र वेगळीच फेरारी चिकटवलेली आहे : २०८ जीटीबी टर्बो, १९८२ सालची. पाहणारा आधी 'वा!' म्हणतो, मग इंजिन कितीचं म्हणून विचारतो. मी 'दोन लिटर' म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. "दोन लिटर? अरे, रेक्टर सरांच्या स्कॉर्पिओचं इंजिन याच्यापेक्षा मोठं आहे!"

बरोबर आहे, मोठंच आहे. म्हणून तर हा लेख.

या गाडीचा जन्म इटलीच्या करखात्यात झाला म्हटलं तरी चालेल. त्या काळी तिथे २००० सीसीच्या वर इंजिन असलेल्या गाडीवर ३८ टक्के व्हॅट होता. त्याखालच्या गाड्यांवर तो बराच कमी. फेरारीची तेव्हाची गाजलेली गाडी म्हणजे ३०८, तिचं व्ही-८ इंजिन २९२६ सीसीचं. म्हणजे घरच्याच गिऱ्हाइकाला फेरारी सगळ्यात महाग पडणार! मग फेरारीने याच इंजिनाची छोटी आवृत्ती काढली. आधी जीटी-४ मध्ये आणि मग १९८० साली २०८ जीटीबी या दोन सीटच्या कूपेत ती बसवली.

छोटी कशी केली? कॅल्क्युलेटर काढा. स्ट्रोक ७१ मिमी तसाच ठेवला, बोअर ८१ वरून ६६.८ मिमीवर आणला. आठ सिलिंडरचा हिशेब केला की उत्तर येतं १९९१ सीसी. करखात्याच्या रेषेच्या आत फक्त ९ सीसी! आपल्यातला काठावर पास होणारा कुणीही याला सलाम करील.

पण ताकदही त्याच हिशेबाने घटली. २०८ ला मिळाले जेमतेम १५५ हॉर्सपॉवर. रूप फेरारीचं आणि दम नाही, अशी गत. इथे 'काय करणार, सरकारचा नियमच तसा' म्हणून गप्प बसता आलं असतं. कारण खोटंही नव्हतं.

मॅरानेल्लोच्या लोकांनी मात्र सायलेन्सरकडे पाहिलं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा गरम धुराबरोबर बाहेर जातो, हे आपण आयसी इंजिनच्या पेपरात हीट बॅलन्स शीट काढताना दरवर्षी लिहितो आणि विसरतो. त्या धुराच्या वाटेत टर्बाइन बसवायचं, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर, आणि त्याने सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. सीसी तेवढेच! करखात्याला इंजिनाचा आकार मोजता येतो, त्यात हवा किती दाबून भरली हे कोण मोजणार?

टर्बो त्यांना नवा नव्हता. १९८१ मध्ये जिल व्हिलनवने टर्बो फेरारीवरच मोनॅको आणि स्पेनच्या फॉर्म्युला वन शर्यती जिंकल्या होत्या. १९८२ साली २०८ टर्बो आली, ती रस्त्यावर चालणारी पहिली टर्बो फेरारी. जर्मन 'केकेके'चा एक टर्बोचार्जर, कार्ब्युरेटर जाऊन बॉशचं फ्युएल इंजेक्शन, आणि ताकद १५५ वरून २२० हॉर्सपॉवर. त्या वेळच्या इंजेक्शनवाल्या ३०८ ला, म्हणजे जवळजवळ तीन लिटरच्या थोरल्या बहिणीला, २१४ होते. धाकटी पुढे गेली की नाही?

फुकट काहीच मिळत नाही, हेही सांगायला हवं. हवा दाबली की तापते आणि इंजिन नॉक करायला लागतं. म्हणून कॉम्प्रेशन रेशो ९ वरून ७ वर उतरवावा लागला. शिवाय टर्बोला फिरायला धूर लागतो आणि धूर व्हायला वेग. त्यामुळे पाय दाबला की आधी शांतता, मग एकदम धक्का. हाच तो 'टर्बो लॅग', व्हायवातला लाडका प्रश्न. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर १९८६ च्या सुधारित गाडीत आला आणि तेच दोन लिटर २५४ हॉर्सपॉवरवर गेले. पहिल्या टर्बो कूपे बनल्या अवघ्या ४३७. पण १९८४ ची २८८ जीटीओ आणि १९८७ ची एफ-४०, दोन्ही टर्बो व्ही-८. भिंतीवरच्या एफ-४० ने या काटकसरी ताईला नमस्कार करायला हरकत नाही.

आपल्याकडेही असं झालंच. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरची एक्साइज कमी झाली आणि पुण्याच्या टाटा मोटर्सने २००८ साली इंडिगोची डिकी आखडून सीएस काढली. आपण त्या गाडीला हसतो. मी आता हसत नाही.

कारण मलाही अशी रेषा आखून मिळाली होती. डिप्लोमानंतर बाबांनी एक आकडा सांगितला. "एवढे आहेत, यात काय बसतं ते बघ." पुणं त्यात बसलं नाही, हे कॉलेज बसलं. पहिलं वर्षभर मी काय काय नाही याची यादी करत होतो. अशी यादी करणारे होस्टेलला पुष्कळ भेटतात, संध्याकाळ छान जाते.

यंदा प्रोजेक्टला आमच्या ग्रुपकडे पैसे कमीच होते. तेव्हा मी मित्रांना एवढंच विचारलं, "आपल्याकडे वाया काय जातं?" उत्तर मेसच्या मागे होतं. तिथली भट्टी रोज पहाटेपासून पेटते आणि धुराड्यातून गरम धूर आभाळात जातो. त्याच वेळी वरच्या मजल्यावर आपण गार पाण्याने किंचाळत असतो! भंगारातून तांब्याची नळी आणली, वेटोळं करून धुराड्याभोवती बसवलं, वर टाकी ठेवली. पहिल्या सकाळी दोन बादल्या कढत पाणी निघालं. काजळी साचते, नळी पुसावी लागते, म्हणजे लॅग आमच्याकडेही आहे. इंटरकूलरला फेरारीलाही चार वर्षं लागली, आम्हाला एक सेमिस्टर द्या.

तोवर ज्यांना गरम पाणी हवंय त्यांनी साडेपाचला बादली घेऊन मेसमागे यावं. नंबर लावावा लागेल.